काचेमागची मालवणी

सुरुची कर्णिक परळच्या एका मोठ्या रुग्णालयात इमर्जन्सीची डॉक्टर होती. एमडी झाल्यापासून ती तिथल्याच कॅज्युअल्टीत होती. कुठल्या ट्रॉलीचं चाक अडकतं आणि कुठल्या कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही हेसुद्धा तिला पाठ होतं. पस्तिशी उलटल्यावर तिने सिम्युलेशन एज्युकेशनची एक वर्षाची फेलोशिप घेतली. खऱ्या पेशंटऐवजी मॅनिकिनवर, रचलेल्या प्रसंगातून, डॉक्टर आणि नर्सना तयार कसं करायचं, ते शिकायचं. शिवाजी पार्कच्या घरी तिच्या वडिलांना, अप्पांना, हे काही केल्या पटत नव्हतं. सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना मित्रांनी विचारलं की ते सांगत, मुलगी हल्ली बाहुलीवर उपचार करते.

ती बाहुली साधी नव्हती. तिची छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची, पापण्या मिटायच्या. रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतली एक खोली हुबेहूब कॅज्युअल्टीसारखी मांडली होती आणि मधोमध खाटेवर ती पडलेली असायची. शेजारी काळोखी कंट्रोल रूम. मधल्या काचेतून इकडून तिकडचं दिसे, तिकडून इकडचं दिसत नसे. कंट्रोल रूममध्ये हितेंद्र नावाचा इंजिनियर कॉम्प्युटरवरून मॅनिकिनचं बीपी पाडायचा, श्वास वाढवायचा. बोलणं मात्र मॅनिकिनला स्वतःचं नव्हतं. ते माइकवरून कोणीतरी बोलायचं, आणि त्या वर्षी बहुतेक वेळा ती सुरुची असायची. कधी अपघातात सापडलेला रिक्षावाला, कधी दम्याची कॉलेजकन्या, कधी पोटात दुखणारा शेठ.

हे तिला छान जमायचं. जमत नव्हतं ते पुढचं. प्रसंग संपला की सगळ्यांनी गोलात बसून काय झालं ते बोलायचं असतं. फेलोशिपच्या प्रमुख डॉ. सुमेधा वर्तक म्हणायच्या की खरं शिक्षण तिथेच होतं, खाटेपाशी नाही. त्यांचा एकच नियम होता. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तो विचारायचा नाही. सुरुचीला सवय कॅज्युअल्टीची. तिथे ज्युनियरला ‘ऑक्सिजन का नाही लावला?’ असं विचारतात तेव्हा तो प्रश्न नसतोच, ती कानउघाडणी असते. मॅडम प्रत्येक वेळी तिला थांबवत आणि म्हणत, तुला खरंच जाणून घ्यायचंय का, ते आधी स्वतःला विचार.

बाहेर गेटवर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला की सुरुचीचा हात आपोआप टेबलावर स्टेथोस्कोप शोधायचा. मग आठवायचं की आता तिकडे धावायला दुसरं कोणी आहे. ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. स्ट्रेचर आत गेल्यावर पुढे काय झालं ते तिला कळत नसे, आणि दिवसभर ते कुठेतरी टोचत राही.

डिसेंबरात सिंधुदुर्गातल्या लहान रुग्णालयांमधले डॉक्टर आणि नर्स दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला येणार असं ठरलं. हितेंद्र चहा पिता पिता नावं वाचून दाखवत होता. निलेश घाडीगावकर हे नाव आलं. सुरुचीने थोड्या वेळाने ते परत वाचायला लावलं.

निलेश, घरच्यांचा निलू, आणि ती एकाच बॅचचे. तो लालबागचा. वडील गणपतराव गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. चाळीतल्या त्यांच्या खोलीत सुरुची पहिल्यांदा गेली ती सलग ड्युटी संपवून, भुकेने कासावीस होऊन. निलेशच्या आईने, शेवंतीकाकूंनी, तिचं नाव-गाव विचारायच्या आधी ताट वाढलं होतं. पुढे ती निलेश नसतानाही जाऊ लागली. काकू बांगडे साफ करता करता बोलत राहायच्या, अस्सल मालवणीत, आणि सुरुचीला एखादा शब्द अडला की तोच शब्द मोठ्या आवाजात परत म्हणायच्या. मोठ्याने म्हटलं की कळतं, असा त्यांचा समज होता. हळूहळू सुरुचीला खरंच कळू लागलं, आणि मग बोलताही येऊ लागलं. गॅलरीतल्या बायका हसायच्या. काकू त्यांना म्हणायच्या, हसू नकात, माझा चेडू आसा ता. चेडू म्हणजे लेक.

निलेश आणि तिच्यात काय आहे हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं. त्या दोघांनी मात्र त्याला कधी नाव दिलं नाही. दिलं जाईलच असं धरून चालले होते. मग चाळ पाडायला निघाली, गणपतरावांना अर्धांगाचा झटका आला आणि दोघं नवराबायको गावी गेले. वर्षभरात निलेशने तिकडच्याच एका लहान रुग्णालयात नोकरी घेतली. निघायच्या आठवड्यात ते दोघं रोज भेटले. तो घराबद्दल बोलला, नोकरीबद्दल बोलला, बाबांच्या व्यायामाबद्दल बोलला. तू येशील का, हे काही त्याने विचारलं नाही. सुरुची रोज वाट पाहायची. शेवटच्या दिवशी दादरच्या बसस्टॉपवर ती म्हणाली, पोचलास की फोन कर. त्याने केलाही. पुढे फोन कमी होत गेले. त्याचं लग्न झाल्याचं तिला दुसऱ्यांकडून कळलं, मुलगी झाल्याचंही. करोनाच्या काळात शेवंतीकाकू गेल्या, तेव्हा सुरुची स्वतः वॉर्डात अडकली होती. तिने एक मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं: ‘आई तुझी आठवण काढायची.’ त्यानंतर काही नाही.

आता तो येणार होता. सकाळी बसमधून उतरलेल्या घोळक्यात तिने त्याला पाठमोरा ओळखला. केस मागे हटले होते, अंगाने भरला होता, पण बॅग एकाच खांद्यावर टाकून मान तिरकी करून उभं राहायची ढब तीच होती. ती पुढे होऊन भेटली. त्याला ती इथे आहे हे माहीत नव्हतं. दोघांनी सगळ्यांदेखत एकमेकांची खुशाली विचारली, आणि मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं.

दुपारी त्याची पाळी आली. जोडीला त्याच्याच रुग्णालयातल्या एक वयस्क सिस्टर होत्या. प्रसंग असा होता: साठी उलटलेली बाई, छातीत दुखतंय, दम लागलाय. सुरुवातीला ती बोलत असेल, मग ईसीजी बिघडत जाईल. डॉक्टरने वेळेत ओळखायचं आणि भिंतीवरच्या फोनवरून मोठ्या रुग्णालयाची मदत मागायची. फोन गेला की हितेंद्र पेशंट सावरणार. फोनला उशीर झाला तर हृदय बंद पडणार.

सुरुचीने माइक जवळ ओढला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, “डॉक्टर, छातीत दुखतंय हो.”

निलेश खाटेशी आला. त्याने मॅनिकिनच्या कपाळावर हात ठेवला. शिकायला येणारे सहसा असं करत नाहीत, त्यांची नजर मॉनिटरवर असते. मग तो वाकला आणि आपल्या गावच्या पेशंटशी बोलावं तसं म्हणाला, “आये, खय दुखता तुका?”

हितेंद्रने सुरुचीकडे पाहिलं. संहितेत मालवणी नव्हती. सुरुचीच्या तोंडून आलं, “हय रे बाबा. हय मधी. धोंडो ठेवल्यासारख्या जड झालाहा.”

काचेपलीकडे सिस्टर मास्कमध्ये हसल्या. निलेश हसला नाही. त्याने नाडी धरली, ऑक्सिजन लावायला सांगितला, सुई लावायला सांगितली. सगळं नीट चाललं होतं. बरोबर कोण आसा, असं त्याने विचारलं. सुरुची म्हणाली, कोण आसतला, झील मुंबयक, सून तेच्याच वांगडा. मुलगा मुंबईला, सून त्याच्याबरोबर, हे शेवंतीकाकूंचं बोलणं होतं. गावच्या शेजारणीबद्दल त्या असंच म्हणायच्या, ओठ मुडपून. दुसरी मालवणी सुरुचीला येतच नव्हती. जे होतं ते सगळं त्या चाळीतल्या खोलीतून आलेलं.

मॉनिटरवरची रेषा बदलली. निलेशने ती लगेच पाहिली. मॅनिकिनचा हात थोपटून तो म्हणाला, “मी फोन करून येतय हा, आये,” आणि भिंतीकडे वळला.

आता सुरुचीने फक्त कण्हायचं होतं. पण त्याची पाठ तिच्याकडे झाली होती, आणि ती पाठ अशीच एकदा दादरला बसस्टॉपवर वळलेली तिने पाहिली होती. तिने माइक सोडला नाही.

“माका सोडून जाव नको रे, निलू.”

निलेश थांबला. फोन हाताच्या अंतरावर होता. तो मागे फिरला, खाटेशी आला आणि मॅनिकिनचा रबरी हात त्याने दोन्ही हातांत घेतला. “हयच आसय मी,” तो म्हणाला. “खय जातंय?”

सिस्टर सुईत गुंतल्या होत्या. फोन कोणीच केला नाही. बीपी उतरू लागलं. हितेंद्रने खुणेने विचारलं, थांबवू का? सुरुचीला हो म्हणता आलं असतं. ती काचेतून त्या दोन हातांकडे पाहत बसली. हृदय बंद पडलं, निलेशने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, सिस्टर फोनकडे धावल्या. थोड्या वेळाने सुमेधा मॅडमनी दार उघडून प्रसंग संपला असं सांगितलं.

गोलात बसल्यावर सगळे सुरुचीकडे पाहत होते. तिने आधीच सांगून टाकलं की शेवटचं वाक्य संहितेत नव्हतं, ते तिने घातलं, आणि तसं घालायला नको होतं. मग तिने निलेशकडे पाहिलं. चारचौघांत त्याला अहो-जाहो करणं भाग होतं, आणि ते तिला फार जड गेलं.

“डॉक्टर, तुम्ही फोनकडे निघाला होतात आणि परत फिरलात. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

वर्षभरात पहिल्यांदाच तिने असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर तिला खरोखर ठाऊक नव्हतं. निलेश म्हणाला की मॅनिकिन आहे हे माहीत होतं, फोन करायला हवा हेही माहीत होतं. तरी पाय उचलला नाही. सिस्टर म्हणाल्या की त्यांनी आपणहून जायला हवं होतं, पण डॉक्टर तिथे असताना फोन आपण करायचा हे सुचलं नाही. तिथून चर्चा सुरू झाली. एकाने पेशंटपाशी थांबायचं असेल तर त्याने दुसऱ्याचं नाव घेऊन, स्पष्ट शब्दांत, फोनचं काम सोपवायचं, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. सिस्टरनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मॅडम मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.

सगळे उठल्यावर मॅडमनी सुरुचीला मागे थांबवलं. आजचा तिचा प्रश्न चांगला होता, असं त्या म्हणाल्या. आणि चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, “निलू कोण, हे मी विचारणार नाही. उत्तर मला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर प्रशिक्षण संपलं. परतीची बस संध्याकाळची होती. निलेशने सुरुचीला विचारलं की हिंदमाताला कुठलं दुकान बरं. अनुजाने, त्याच्या बायकोने, साडी आणायला सांगितली होती आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. सुरुची म्हणाली, चल, मी येते.

दुकानात गादीवर बसून ती विचारत गेली. अनुजा उंच आहे का, वर्ण कसा, शाळेत शिकवते तर रोज नेसायला हवी का सणाला. तो अडखळत उत्तरं देत होता. विक्रेत्याने जांभळी नारायणपेठी उलगडली आणि सुरुचीकडे सरकवत म्हणाला, वहिनी, खांद्यावर धरून बघा. निलेश लगेच म्हणाला, “यांच्यासाठी नाही.” विक्रेत्याने मान डोलावली. सुरुचीने तरी ती खांद्यावर धरली, पदर नीट पसरला आणि निलेशला विचारलं, चालेल का? तो बराच वेळ पाहत राहिला आणि चालेल म्हणाला.

बाहेर आल्यावर ते फुटपाथवरून परळच्या दिशेने चालू लागले. पिशवी त्याच्या हातात होती. तो म्हणाला की आवाज त्याने पहिल्याच वाक्याला ओळखला होता, छातीत दुखतंय हो, तिथेच. पण ती मालवणीत बोलली तेव्हा ती सुरुची राहिलीच नाही. अनुजा कऱ्हाडकडची. मुलीला शाळेतलं मराठी येतं. बाबांची वाचा गेलेली. घरात तसं बोलणारं आता कोणी नाही. पेशंट बोलतात, पण आईच्या तोंडची मालवणी वेगळी होती, ती अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं मानेने सांगायची. “मला वाटायचं माझ्या डोक्यात तिचा आवाज आहे,” तो म्हणाला. “काल कळलं, नाहीये. तुझ्याकडे आहे.”

काचेमागून तिने हाक मारली होती ती स्वतःसाठी. तो मागे फिरला, तेव्हा तिचं सगळं अंग त्या खाटेकडे झुकलं होतं. आणि तो फिरला होता आईसाठी.

“अजून थोडं बोल ना,” निलेश म्हणाला. “काहीही.”

आजूबाजूला हातगाड्या होत्या, टॅक्सीवाले ओरडत होते. सुरुचीने डोळे मिटले नाहीत की आवाज बदलला नाही. ड्युटीवरून आलेली ती दोन मिनिटं बसून निघायला लागली की काकू दारात आडव्या उभ्या राहायच्या, तेव्हा जे म्हणायच्या ते ती म्हणाली. “जेवन जा गो. तशीच जाव नको.”

निलेशने मान दुसरीकडे वळवली. पुढच्या सिग्नलशी तिने विचारलं. इतकी वर्षं जो प्रश्न मनात हजार वेळा विचारून स्वतःच त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं, तो.

“तू जाताना मला विचारलं का नाहीस?”

तो म्हणाला की तिथे काहीच नव्हतं. एक्स-रे मशीन आठवड्यातून दोनदा चालायचं, बाबांना उचलून न्यावं लागायचं, घरात निजायला धड जागा नव्हती. ती आली असती आणि मग रोज तिने काय सोडलं ते त्याला दिसत राहिलं असतं. आपण तिचं भलंच केलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“मी कदाचित नाही म्हणाले असते,” सुरुची म्हणाली. “पण ते मला म्हणू द्यायचं होतंस, निलेश. नाही म्हणायला तरी मिळालं असतं.”

रुग्णालयाच्या गेटशी बस उभी होती, सिस्टर खिडकीतून हात हलवत होत्या. तो चढताना सुरुचीने पोचलास की फोन कर असं म्हटलं नाही. अनुजाला साडी आवडली का ते कळव, एवढंच म्हणाली.

मार्चमध्ये त्याच्या रुग्णालयाकडून मॅडमना विनंती आली. मॅनिकिन घेऊन तिकडे येता येईल का, सगळ्या नर्सना मुंबईला आणणं जमत नाही. सोबत निलेशचा सुरुचीला वेगळा मेसेज होता: ‘या वेळी विचारतोय. येशील का?’

ती दोन-तीन दिवस तो मेसेज उघडून बंद करत राहिली. जायची ओढ इतकी होती की एकदा तिने बॅगही काढून ठेवली. अप्पांनी विचारलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, अजून ठरलं नाही. त्या घरात आपण पाहुणी म्हणून जेवू, अनुजा वाढेल, गणपतराव ओळखतील आणि त्यांना बोलता येणार नाही, मुलगी मावशी म्हणेल. हे सगळं तिला डोळ्यांसमोर इतकं लख्ख दिसत होतं की तिथून परत कसं यायचं, तेच दिसत नव्हतं. तिने निलेशला लिहिलं: ‘नाही येत. पण विचारलंस, बरं वाटलं.’ आणि मॅडमना सांगितलं की तुम्ही आणि हितेंद्र जा, इथली बॅच मी घेते.

ते दोघं आठवड्याने परतले. हितेंद्र कंट्रोल रूममध्ये वायरी गुंडाळता गुंडाळता सांगत होता. नर्स फार हौसेने शिकल्या. त्या वयस्क सिस्टरनी तर सगळ्यांना नावाने हाका मारून कामं वाटली. गावातल्या म्हाताऱ्या बायका श्वास घेणारी बाहुली बघायला रांगेने आल्या आणि एकीने तिच्या अंगावर आपलं लुगडं पांघरलं. आवाज कोणी दिला, असं सुरुचीने विचारलं. हितेंद्र म्हणाला, निलेश सरांनीच. त्यांना बायकी आवाज जमेना, सगळे हसले, पण बोलले छान.

सुरुची त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. निलेशबद्दल तिने आणखी काही विचारलं नाही. तिथली कॅज्युअल्टी केवढी आहे, ते विचारलं. दार कुठल्या बाजूला उघडतं, खाट खिडकीपाशी आहे की भिंतीशी, खिडकीतून काय दिसतं. हितेंद्रला सगळं आठवत नव्हतं. आंब्याचं झाड दिसतं, तो म्हणाला, आणि त्यामागे उतार. उतारावरून समुद्र दिसतो का, तिने विचारलं. त्याने आठवून पाहिलं. दिसत नाही, तो म्हणाला, पण वारा सुटला की खारा वास येतो.

ती ऐकत राहिली. पलीकडच्या खोलीत दिवे लागले, नवीन बॅच येऊन उभी राहिली होती. तिने हितेंद्रला हाताने थांब म्हणून खुणावलं आणि विचारलं, “वास दिवसभर येतो, की फक्त संध्याकाळी?”